शेवटी बोलणाऱ्याची जागा

हिमायतनगरात आता बंगले थोडे आणि सदनिका फार झाल्या आहेत. किंग कोठी आणि नारायणगुडा यांच्या शेजारच्या या वस्तीतील जुनी मराठी कुटुंबे बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहावयास गेली. ओसऱ्या गेल्या, अंगणे गेली, तरी पत्त्यांचा कॅट मात्र घराबरोबर जिना चढून वर आला. कोजागरीचे जागरण असो, दिवाळीची दुपार असो, की लग्नघरातली आदली रात्र असो, सतरंजी पसरली की मेंढीकोट, तीनशेचार, रमी आणि बदाम सात हे ओघानेच आले. वडील मंडळींचा ब्रिज, मुलांचा झब्बू आणि या दोघांनाही रमीत हरवणाऱ्या आत्याबाई, हे चित्र आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाचे आहे.

अलीकडे या सतरंजीवर एक नवा शब्द ऐकू येऊ लागला आहे. बंगळूरला किंवा अमेरिकेत नोकरीस असलेली नातवंडे सुट्टीत घरी येतात आणि पत्ते वाटताना म्हणतात, "आजोबा, या डावाला बटन तुमच्याकडे." आजोबा प्रथम सदऱ्याकडे पाहतात, मग भिंतीवरच्या दिव्याच्या बटनाकडे. नातवाला अभिप्रेत असते ती पोकर नावाच्या खेळातील बसण्याची एक जागा. त्या जागेवर बसणारा डावात सर्वांच्या शेवटी बोलतो. एवढ्याशा गोष्टीला इतके महत्त्व का, तिचा उपयोग शहाण्याने कसा करावा, आणि आपल्या हैदराबाद-सिकंदराबादेत पत्त्यांवरून न्यायालयात जो प्रसिद्ध वाद झाला त्याच्याशी तिचे काय नाते आहे, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

खेळाची रीत

पोकरचे प्रकार अनेक आहेत. सध्या सर्वांत अधिक खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सास होल्डेम. टेक्सास राज्यातील रॉब्सटाउन हे लहानसे गाव त्याचे जन्मस्थान असल्याचे त्या राज्याच्या विधिमंडळाने २००७ साली ठराव करून मान्य केले. लास व्हेगास येथे १९७० पासून दरवर्षी भरणाऱ्या जागतिक स्पर्धेने हा खेळ जगभर नेला.

रीत सोपी आहे. प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात आणि ते ज्याचे त्यानेच पाहावयाचे. मग मधोमध पाच पत्ते उघडे पडतात: आधी तीन एकदम, नंतर एक, नंतर आणखी एक. हे पाच सर्वांचे सामाईक. आपले दोन आणि मधले पाच अशा सातांतून उत्तम पाच निवडावयाचे. ज्याचे पाच सरस, मधली रास त्याची. बोली चार वेळा होते: हाती दोन पत्ते आल्यावर, तीन उघडल्यावर, चौथा उघडल्यावर आणि पाचवा उघडल्यावर. आधी कुणी काही लावले नसेल तर आपण लावावे किंवा ‘चेक’ म्हणून पाळी पुढे ढकलावी. कुणी लावले असेल तर तितकेच लावून साथ द्यावी, वाढवावे, नाहीतर पत्ते टाकून मोकळे व्हावे. सगळ्यांनी पत्ते टाकले तर उरलेल्या एकाला हात न दाखवताही रास मिळते.

पिसणाऱ्याच्या डावीकडील दोघांना पत्ते पाहण्यापूर्वीच सक्तीची रक्कम मांडावी लागते. पहिल्याची लहान, दुसऱ्याची तिच्या दुप्पट. तिला ब्लाइंड म्हणतात. तीन पत्तीतल्या ब्लाइंडशी नाव सारखे असले तरी काम निराळे आहे. ती मर्जीने खेळावयाची, ही पाळीने भरावयाची. ही रक्कम मधे पडलेली असते म्हणूनच डावाला चुरस येते. नाहीतर उत्तम पत्ते येईपर्यंत सगळेच हाताची घडी घालून बसतील.

क्लबात पत्ते वाटावयास पगारी माणूस असतो. तेव्हा ‘या डावाचा पिसणारा कोण’ हे कळावे म्हणून त्या खेळाडूपुढे एक पांढरी चकती ठेवतात. तीच ही बटन. प्रत्येक डावानंतर ती एक जागा डावीकडे सरकते. जुन्या काळी अमेरिकेत यासाठी हरणाच्या शिंगाची मूठ असलेला चाकू पुढे ठेवीत, आणि जबाबदारी दुसऱ्यावर ढकलण्यासंबंधीचा इंग्रजीतला वाक्प्रचार त्यावरून आला, असे सांगतात. अध्यक्ष ट्रूमन यांच्या मेजावरील ‘ढकलाढकल येथे संपते’ या आशयाची प्रसिद्ध पाटी त्याच कुळातली.

पहिल्या बोलीत ब्लाइंड भरणाऱ्या दोघांची पाळी शेवटी येते, म्हणून बटनवाला त्या वेळी शेवटून तिसरा असतो. पण पुढच्या तिन्ही बोलींत सुरुवात त्याच्या डावीकडून होते आणि अखेरचा शब्द त्याचा राहतो. रास मोठी होते ती याच तीन बोलींत, हे ध्यानात घेतले म्हणजे या जागेची किंमत कळते.

मेंढीकोटातला चौथा हात

आपल्या वाचकांना हे तत्त्व नवे नाही. मेंढीकोटात चौथ्याने पान टाकावयाचे असते तेव्हा त्याच्यापुढे तीन पाने उघडी असतात. जोडीदाराचा हात होत असेल तर त्याने आपली मेंढी त्यात सोडावी. होत नसेल तर जेवढ्याने हात मारता येईल तेवढेच पान खर्ची घालावे. गुलामाने काम भागत असता एक्का कोण टाकील? दुसऱ्या हाताला बसलेल्याला ही सोय नाही. त्याला पुढच्या दोघांकडे काय आहे याचा अंदाजच करावा लागतो, आणि अंदाजाची किंमत चांगल्या पानांनी मोजावी लागते. ब्रिजमध्ये दुसऱ्याने लहान आणि तिसऱ्याने मोठे पान टाकावे असा जो सर्वसाधारण दंडक आहे, तोही बसण्याच्या जागेवरूनच ठरलेला आहे.

आपल्या जुन्या गंजिफ्यात मात्र मान पहिल्याचा असे. शहाण्णव पत्त्यांच्या मोगल गंजिफ्यात दिवसा सूर्याच्या रंगाचा राजा ज्याच्याकडे, रात्री चंद्राच्या रंगाचा राजा ज्याच्याकडे, त्याची पहिली उतारी. सावंतवाडीचे लाखकाम केलेले दशावतारी गंजिफे पाहिले, किंवा आपल्या निर्मळच्या नक्काशांनी रंगवलेले पाहिले, म्हणजे तो दरबारी थाट डोळ्यांपुढे उभा राहतो. दरबारात राजा प्रथम बोलणार हे स्वाभाविकच. पोकर दरबारात वाढला नाही. तो एकोणिसाव्या शतकात मिसिसिपी नदीवरच्या आगबोटींतून अनोळखी माणसांमध्ये वाढला, आणि अनोळखी माणसांमध्ये आधी ऐकून घेणारा शहाणा ठरतो.

‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही आपली म्हण जणू याच जागेसाठी झाली आहे. तिच्यातला क्रम महत्त्वाचा. ऐकणे आधी आहे.

जागा पाहून पत्ते

आता या जागेवर बसणाऱ्याने काय करावे, ते पाहू.

पहिली गोष्ट पत्ते निवडण्याची. बावन्न पानांतून दोन पानांच्या एकूण १,३२६ जोड्या होतात. त्यांतल्या कोणत्या खेळाव्यात हे पानांवर जितके अवलंबून, तितकेच जागेवर. नऊ जणांच्या बैठकीत ज्याला प्रथम बोलावे लागते त्याच्या मागे आठ जण बोलावयाचे असतात. एखाद्याच्या हाती एक्क्यांची जोडी येणे हे २२१ डावांत एकदा घडते. पण आठ जण मागे असता त्यांपैकी कुणाकडे तरी मोठी जोडी किंवा एक्का-राजा असण्याचा संभव बराच वाढतो. म्हणून जाणते खेळाडू पहिल्या जागेवरून दहा डावांपैकी एखाद-दुसराच खेळतात. एक्का आणि दश्शी, दोन वेगळ्या रंगांची, हा हात तेथून मुकाट्याने टाकून द्यावा. बटनवर मात्र आधीच्या सर्वांनी पत्ते टाकले असतील तर तोच हात वाढवून खेळावा, कारण मागे आता दोघेच उरले. या जागेवरून दहापैकी चार-पाच डाव खेळणेही वावगे समजत नाहीत. पाने तीच, माणूस तोच. फक्त जागा बदलली आणि योग्य चाल उलटी झाली.

आधी कुणी वाढवले असेल तर मात्र त्याने कोणत्या जागेवरून वाढवले ते पाहावे. ज्याच्या मागे आठ जण बोलावयाचे आहेत असा माणूस निःशंकपणे वाढवतो, त्याअर्थी त्याच्या हाती काहीतरी भरीव असले पाहिजे. त्याच्यापुढे एक्का-दश्शी घेऊन जाणे म्हणजे उसने बळ. तोच माणूस शेवटच्या जागांवरून वाढवील तर त्याच्या बोलण्यावर तितका विश्वास ठेवू नये. एकच शब्द कुठून आला यावर त्याचा अर्थ ठरतो, हे कळणे म्हणजे निम्मा खेळ कळणे होय.

पाच वेळा आणि तीन वेळा

दुसरी गोष्ट मधली सक्तीची रक्कम पदरात पाडून घेण्याची. समजा, पैशांऐवजी चिंचोके आहेत. लहान ब्लाइंड पाच, मोठी दहा. मधे पंधरा चिंचोके आहेत आणि सर्वांनी पत्ते टाकून पाळी बटनवाल्याकडे आली. त्याने पंचवीस लावले. दोघांनी पत्ते टाकले तर पंधराचा लाभ. वाईटात वाईट धरले, कुणी साथ दिली की आपले पंचवीस बुडालेच असे मानले, तरी हिशेब सोपा आहे. आठ वेळा असे केले आणि पाच वेळा ते दोघे हटले, तर पाचा पंधरे पंचाहत्तर आले. तीन वेळा बुडाले, तिना पंचवीस पंचाहत्तर गेले. म्हणजे आठांत पाच वेळा यश आले तर तोटा नाही, सहा वेळा आले तर नफा. प्रत्यक्षात साथ दिली गेली तरी सगळे बुडत नाही. मधली पाने अजून यावयाची असतात आणि पुढे अखेरचा शब्द आपलाच असतो. म्हणून तोटा-नफ्याची रेषा याहूनही खाली येते.

परंतु येथे एक सावधगिरी हवी. समोरचे दोघे पत्ते टाकणारे असतील तरच हे गणित चालते. आपल्याकडच्या घरगुती बैठकीत एक मामा असे असतातच की जे एकदा पत्ते हाती आले की काही झाले तरी टाकत नाहीत. अशा मामांपुढे पोकळ वाढवणे व्यर्थ. त्यांच्यापुढे चांगला हात आला म्हणजे जरा अधिक लावावे, आणि वाईट आला तर स्वस्थ बसावे. अखेरची जागा आपल्याला माणसे ओळखण्यास अवधी देते. ओळखून उपयोग केला नाही तर जागेचा दोष नाही.

फुकटचा पत्ता

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे, म्हणून एक डाव पूर्ण मांडून पाहू. बटनवाल्याकडे इस्पिकचा राजा आणि इस्पिकची नव्वी आहे. त्याने पंचवीस लावले. लहान ब्लाइंडवाला हटला, मोठ्याने साथ दिली. मधे पंचावन्न चिंचोके जमले. तीन पाने उघडली: इस्पिकची सत्ती, इस्पिकची दुर्री आणि बदामची राणी. समोरच्याने ‘चेक’ म्हटले.

बटनवाल्याजवळ आता इस्पिकची चार पाने झाली. पाचवे आले की एकाच रंगाची पाच, म्हणजे भक्कम हात. न दिसलेली पाने सत्तेचाळीस, त्यांत इस्पिक नऊ. पुढच्या एका पानावर ते येण्याचा संभव शेकडा एकोणीस, दोन्ही पाने मिळून शेकडा पस्तीस. आता त्याला दोन वाटा मोकळ्या आहेत. समोरचा माणूस बिचकणारा वाटला तर तीसेक चिंचोके लावून रास तेथेच उचलण्याचा यत्न करावा. तसा वाटला नाही तर आपणही ‘चेक’ म्हणावे, म्हणजे पुढचा पत्ता एक चिंचोकाही खर्च न करता पाहावयास मिळतो.

हीच पाने समोरच्याच्या जागेवर असती तर? त्याने ‘चेक’ म्हटले तर पुढचा पत्ता फुकट मिळेल की नाही हे त्याच्या हाती नाही. बटनवाला लावील आणि त्याला किंमत मोजावी लागेल. त्याने स्वतः लावले तर बटनवाला दुप्पट-तिप्पट वाढवील. दोन्हींकडून दार दुसऱ्याच्या हाती. अखेरच्या जागेचे खरे मोल येथे दिसते: डाव कधी मोठा करावा आणि कधी लहान ठेवावा, हे ती जागा ठरवते. मध्यम हात असला, समजा राण्यांची एक जोडी आणि जोडीदार पान लहान, तर एका बोलीत थांबून रास आटोक्यात ठेवता येते. भक्कम हात असला तर समोरच्याने लावलेल्यावर वाढवता येते. लावण्याइतकेच न लावणेही एक चाल आहे, आणि ती निर्धास्तपणे खेळण्याची मुभा शेवटच्यालाच असते.

चौथी गोष्ट शिष्टाचाराची. पाळी येण्याआधी बोलू नये. तिसरा बोलण्यापूर्वीच पाचव्याने ‘माझे पान’ म्हणून पत्ते फेकले की तिसऱ्याला जे कळावयास नको होते ते कळते, आणि बटनवाल्याचा हक्क थोडासा चोरला जातो. घरच्या बैठकीत हा दोष फार आढळतो. मुलांना पत्ते शिकवताना हे प्रथम शिकवावे.

न पाहता खेळलेली मुलगी

जागेचे माहात्म्य किती, याचा एक दाखला पोकरच्या जगात प्रसिद्ध आहे. आनेट ऑब्रेस्टाड ही नॉर्वेची मुलगी. २००७ साली तिने संगणकावरच्या एका लहानशा प्रवेशमूल्याच्या स्पर्धेत १८० खेळाडूंमध्ये पहिला क्रमांक मिळवला, आणि तोही एक डाव सोडला तर स्वतःचे पत्ते न पाहता. आपण कुठे बसलो आहोत आणि इतर काय करीत आहेत, याकडे लक्ष दिले तर किती मजल मारता येते, हे तिला दाखवावयाचे होते. त्याच वर्षी लंडन येथे जागतिक मालिकेच्या युरोपातील मुख्य स्पर्धेत ती विजयी झाली, तेव्हा तिचे वय एकोणीसही पुरे नव्हते. पत्ते न पाहता खेळावे असा अर्थात याचा बोध नव्हे. पण पाने दैवाने येतात आणि कान आपले असतात, हे यावरून पटावे.

गणितज्ञांनीही या खेळाकडे गंभीरपणे पाहिले आहे. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेन्स्टर्न यांच्या १९४४ सालच्या खेळांच्या सिद्धांतावरील ग्रंथात पोकरला भरपूर जागा दिलेली आहे. हलक्या हातावर मधूनच मोठी रक्कम लावणे ही लबाडी नसून गणितानेच भाग पडणारी चाल आहे, असे त्यांनी दाखवले. बुद्धिबळात पट सर्वांपुढे उघडा असतो. पोकरात अर्धे झाकलेले, अर्धे उघडे, आणि ज्याला थोडे अधिक कळले त्याचे पारडे जड. संसारातील बहुतेक निर्णय याच प्रकारचे असतात.

सिकंदराबादचा खटला

येथवर कौशल्याची बाजू झाली. आता त्या कौशल्याचे कायद्याच्या दारी काय झाले ते पाहू, कारण या वादाचा एक महत्त्वाचा टप्पा आपल्या जुळ्या शहरातच घडला आहे.

सिकंदराबादेत क्रेसेंट रिक्रिएशन क्लब नावाचा एक क्लब होता. १९६३ च्या मे महिन्यात तेथे पोलिसांनी छापा घातला. सभासद पैसे लावून रमी खेळत होते. त्यांच्यावर खटला झाला तो निजामी राजवटीतल्या, १३०५ फसलीच्या हैदराबाद जुगार कायद्याखाली. खालच्या न्यायालयाने शिक्षा केली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि आंध्र प्रदेश सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. २२ नोव्हेंबर १९६७ रोजी निकाल लागला. निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी. पूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले आणि पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले तेच.

न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे होते. तीन पत्ती, जिला फ्लश वगैरे नावे आहेत, ती निव्वळ नशिबाची. रमी तशी नव्हे. तीत पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते धरावे आणि कोणते टाकावे याला अक्कल लागते. पिसून वाटलेल्या प्रत्येक खेळात नशीब असतेच, ते ब्रिजमध्येही असते. रमीतले नशीब त्याच जातीचे. म्हणून रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ ठरला आणि क्लबाची मंडळी सुटली. १९५७ साली बक्षिसांच्या कोडी-स्पर्धांसंबंधीच्या चमारबागवाला खटल्यात जी कसोटी लावली गेली होती, तिचाच हा विस्तार म्हणता येईल.

पोकरचे काय? १९५७ च्या पश्चिम बंगालच्या कायद्याने ब्रिज, रमी यांच्याबरोबर पोकरलाही जुगाराच्या व्याख्येतून वगळले. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ साली त्याला कौशल्याच्या खेळासारखे वागवले. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली नेमके उलट सांगितले. गोव्याने १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरील जुगाराला परवाना देऊन वेगळीच वाट धरली, आणि मांडवीच्या पात्रात तरंगते कॅसिनो उभे राहिले. एकच खेळ, चार राज्ये आणि चार निरनिराळे उत्तर. पोकर कौशल्याचा आहे असे म्हणणाऱ्यांना बटनइतका सबळ पुरावा दुसरा मिळणार नाही. नशीब पाने वाटताना कोण कुठे बसला आहे ते पाहत नाही. तरीही त्याच पानांनी एका जागेवर नफा आणि दुसऱ्या जागेवर तोटा होत असेल, तर तो फरक खेळणाऱ्याच्या समजुतीतून आला, असेच म्हणावे लागते.

न फिरणारी जागा

पण १९६७ च्या त्या निकालात आणखी एक वाक्य होते, आणि कौशल्याची भलामण करणारे ते सहसा सांगत नाहीत. क्लबाचा किंवा घराचा मालक खेळातून स्वतःचा नफा काढीत असेल तर गुन्हा होऊ शकतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले होते. अड्डेवाला प्रत्येक राशीतून आपला वाटा कापून घेतो, त्याला जुगाऱ्यांच्या भाषेत नाल म्हणतात. तो पत्ते घेत नाही, लावत नाही, हरत नाही. दहा जण रात्रभर खेळले आणि कौशल्यात सारखे असले, तर पहाटे सगळ्यांचेच थोडे कमी झालेले असते आणि नालवाल्याचे तेवढे वाढलेले असते.

पुढे क्लबाची जागा दूरध्वनीच्या पडद्याने घेतली. आठ-दहा जणांच्या बैठकीऐवजी लाखो लोक एकाच वेळी खेळू लागले, नाल आपोआप कापली जाऊ लागली, आणि जाहिरातींतून कौशल्याचा जप चालू राहिला. बैठक मोडावयाची वेळ सांगणारी घरातली वडील माणसे त्या पडद्यापाशी नव्हती. तेलंगणाने २०१७ साली आपल्या १९७४ च्या जुगार कायद्यात दुरुस्ती करून कौशल्याच्या खेळांची सवलतच काढून टाकली, आणि पैसे लावून संगणकावर खेळल्या जाणाऱ्या रमी-पोकरला बंदी केली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनेही पैशांच्या ऑनलाइन खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंदी घालणारा कायदा केला. अर्धशतकाहून अधिक काळ चाललेल्या ‘कौशल्य की नशीब’ या वादाला कायद्याने अशी बगल दिली.

या बंदीबद्दल मतभेद होतील. पण त्यामागचे दुखणे समजून घेण्यास पुन्हा बटनकडेच वळावे लागते. शेवटी बोलणाऱ्याचा फायदा मोठा आहे, तो आपण पाहिला. तरीही तो अन्याय वाटत नाही, कारण चकती प्रत्येक डावानंतर सरकते. आज तुम्ही ऐकून बोललात, पुढच्या डावाला मी. नऊ डावांत प्रत्येकाला एकदा अखेरचा शब्द आणि प्रत्येकाला दोनदा सक्तीचे दान. नालवाल्याची जागा मात्र सरकत नाही. प्रत्येक डावाचा अखेरचा शब्द त्याचा.

सभापर्वातले द्यूत आठवावे. प्रत्येक खेपेस युधिष्ठिर आधी पण सांगतो, नंतर शकुनी फासे टाकतो आणि जिंकलो म्हणतो. धन गेले, राज्य गेले, भाऊ गेले, द्रौपदीही पणाला लागली. पण जागा एकदाही बदलली नाही. धर्मराजाला फाशांचे ज्ञान कमी होते हे खरे. त्याहून मोठी गोष्ट अशी, की पुढे काय होणार ते ठाऊक नसलेल्याने नेहमी आधी बोलावयाचे आणि ठाऊक असलेल्याने नेहमी नंतर, असा तो खेळ होता. अशा बैठकीत कितीही कौशल्य असले तरी काय उपयोग?

म्हणून घरच्या मुलांनी पोकर शिकू नये, असे आमचे म्हणणे नाही. चिंचोके घ्यावेत, कवड्या घ्याव्यात, काडेपेटीतल्या काड्या घ्याव्यात. नातवाने आजोबांना बटन शिकवावी आणि आजोबांनी नातवाला मेंढीकोटातला चौथा हात. आधी ऐकावे, समोरचा कुठून बोलतो ते पाहावे, भक्कम हाती असेल तेव्हा लावावे, नसेल तेव्हा पत्ते टाकण्यास लाजू नये, हे शिक्षण पैशांवाचून होते आणि पुष्कळ दिवस पुरते. आणि उद्या कुठे खऱ्या पैशांच्या बैठकीचे आमंत्रण आले, तर आपले पत्ते कसे आहेत हे विचारण्याआधी एवढे विचारावे, की येथे बटन सर्वांकडे फिरते, की कुणा एकाजवळ कायमची बसली आहे.